इंग्लंडांतील फुटबॉल लीगचे कसोटी-सामने (इ. स. १८९३ ते १८९८)

१. विषयप्रवेश

एखाद्या स्थानावर हक्क कोणाचा, हा तंटा जसा वतनाच्या महजरांत येतो तसाच तो खेळांच्या संस्थांच्या दप्तरांतहि येतो. इंग्लंडांतील फुटबॉल लीग या संस्थेनें इ. स. १८९३ पासून इ. स. १८९८ पर्यंत, सहा वर्षें, आपल्या वरच्या व खालच्या वर्गांतील संघांची चढउतार ठरविण्याकरितां जे सामने घेतले त्यांस तेथें कसोटी-सामने म्हणत. आपल्याकडे हा शब्द आज क्रिकेटपुरता रूढ आहे. येथें तो त्याच्या मूळ अर्थानें, म्हणजे सोन्याचा कस पाहण्याच्या दगडावरून आलेल्या अर्थानें, घ्यावयाचा आहे.

हे सामने कां बंद पडले याविषयीं एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. इ. स. १८९८ च्या एप्रिलांत स्टोक व बर्नली या दोन संघांनीं एकमेकांच्या सोयीनें बरोबरी केली, त्या लाजिरवाण्या प्रकारामुळें ही पद्धति मोडली, अशी ती गोष्ट. गोष्ट खोटी नाहीं. परंतु कारण म्हणून ती पुरी पडत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. दोष त्या सामन्यांत उत्पन्न झाला नसून दोन वर्षें आधीं बदललेल्या नियमांत शिरला होता. आणि तंट्याचा अखेरचा निवाडा मैदानावर न होतां सभेंत झाला. हें सिद्ध करण्यास गुणांचीं कोष्टकें पुरेशीं आहेत.

२. लीगची स्थापना व दोन वर्ग

विल्यम मॅकग्रेगर नांवाचा एक स्कॉटिश कापड-व्यापारी बर्मिंगहॅम येथें राहत असे व ॲस्टन व्हिला संघाच्या कारभारांत त्याचें अंग होतें. त्यानें ता. २ मार्च १८८८ रोजीं कांहीं प्रमुख संघांस पत्रें पाठवून ठराविक सामन्यांचें एक वार्षिक वेळापत्रक बांधावें असें सुचविलें. त्यानंतर ता. २३ मार्च रोजीं लंडन येथें व ता. १७ एप्रिल रोजीं मँचेस्टर येथें सभा भरून लीग अस्तित्वांत आली. मूळचे संघ बारा. सहा लँकेशायर परगण्याच्या बाजूचे व सहा मध्य इंग्लंडांतील. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावें, विजयास २ गुण व बरोबरीस १ गुण मिळावा, अशी व्यवस्था होती. म्हणजे वर्षाकांठीं प्रत्येक संघाचे २२ सामने होत.

या व्यवस्थेंत वर चढण्याचा किंवा खालीं उतरण्याचा प्रश्न आरंभीं नव्हता, कारण वर्गच एक होता. तळाच्या चार संघांनीं मात्र वर्षाअखेर सभेपुढें उभें राहून पुन्हां निवड मागावयाची, असा दंडक होता. या दंडकानें इ. स. १८९० मध्यें स्टोक संघ बाहेर पडला व त्याच्या जागीं संडरलंड आला. इ. स. १८९१ मध्यें संघांची संख्या चौदा झाली, तेव्हां स्टोकला पुन्हां घेतलें व त्याबरोबर डार्वेन संघ आला. म्हणजे या काळांत हक्काचें प्रमाण एकच होतें, तें म्हणजे सभासदांचें मत. आपल्याकडील गोतसभेप्रमाणें येथेंहि भाऊबंद बसून भाऊबंदांचा निवाडा करीत.

इ. स. १८९२ मध्यें परिस्थिति पालटली. इ. स. १८८९ मध्यें निघालेली फुटबॉल अलायन्स ही प्रतिस्पर्धी संस्था लीगमध्यें विलीन झाली. तिच्या कांहीं संघांस वरच्या वर्गांत घेऊन तो सोळांचा केला, आणि बाकीच्यांचा व इतर कांहींचा मिळून बारांचा दुसरा वर्ग बांधला. आतां प्रथमच असा प्रश्न उभा राहिला कीं, वरच्या वर्गांतील सोळावा श्रेष्ठ कीं खालच्या वर्गांतील पहिला? दोघांचींहि कोष्टकें होतीं. परंतु तीं दोन निरनिराळ्या दप्तरांतील होतीं. हे दोन संघ वर्षभरांत लीगमध्यें एकमेकांसमोर आलेले नसत व त्यांचे प्रतिस्पर्धीहि सामाईक नसत. एका परगण्याच्या बिघ्यानें दुसऱ्या परगण्याची जमीन मोजावी, तसाच हा हिशेब झाला असता.

मराठेशाहींतील वतनाच्या तंट्यांत सामान्य दंडक असा होता कीं, कागदपत्र, भोगवटा व साक्षी यांनीं निवाडा होत असेल तर दिव्य करूं नये. हीं साधनें अपुरीं पडलीं म्हणजे मगच उकळत्या तेलांतून रवा काढण्याची पाळी यावी. लीगनें कसोटी-सामने योजिले ते याच न्यायानें योजिले असें म्हणतां येईल. दोन दप्तरांस जोडणारा कागद नव्हता, म्हणून दिव्य. ही योजना मुळांतच वेडगळ होती असें जे समजतात, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे.

३. पहिलें वर्ष : इ. स. १८९३

नियम सोपा होता. पहिल्या वर्गांतील सोळाव्यानें दुसऱ्या वर्गांतील पहिल्याशीं, पंधराव्यानें दुसऱ्याशीं व चौदाव्यानें तिसऱ्याशीं, तिऱ्हाईत मैदानावर, एकेक सामना खेळावा. बरोबरी झाल्यास फेरसामना.

दुसऱ्या वर्गांत स्मॉल हीथ हा संघ २२ सामन्यांत ३६ गुण मिळवून पहिला आला होता. शेफील्ड युनायटेडचे गुण ३५ व डार्वेनचे ३०. पहिल्या वर्गांत तळाला न्यूटन हीथ होता. ३० सामन्यांत त्याचे अवघे ६ विजय व १८ गुण झाले होते. त्याच्या वर ॲक्रिंग्टन (२३ गुण) व नॉट्स काउंटी (२४ गुण) होते. कोष्टकें समोर ठेवून कोणीहि सांगितलें असतें कीं, तिघांपैकीं स्मॉल हीथची वाट सर्वांत सोपी आहे. कारण त्याच्या वांट्यास सर्वांत दुबळा प्रतिस्पर्धी आला होता.

घडलें तें याच्या उलट. ता. २२ एप्रिल १८९३ रोजीं स्टोक येथें स्मॉल हीथ व न्यूटन हीथ यांची १–१ अशी बरोबरी झाली. ता. २७ एप्रिल रोजीं शेफील्ड येथें फेरसामना होऊन न्यूटन हीथनें ५–२ असा विजय मिळविला. इकडे शेफील्ड युनायटेडनें नॉटिंगहॅम येथें ॲक्रिंग्टनवर १–० अशी व डार्वेननें मँचेस्टर येथें नॉट्स काउंटीवर ३–२ अशी मात केली. परिणाम असा कीं, दुसऱ्या वर्गांतील दुसरा व तिसरा वर गेले, आणि पहिला जागच्या जागीं राहिला. वरच्या वर्गांतील सर्वांत खालचा टिकला, व त्याहून अधिक गुण मिळविलेले दोघे पडले. स्मॉल हीथनें डार्वेनपेक्षां ६ गुण अधिक मिळविले होते. ते सहा गुण कसोटीच्या दगडावर उमटलेच नाहींत.

ॲक्रिंग्टननें हा निकाल सोसला नाहीं. मूळच्या बारांपैकीं एक असलेल्या या संघानें दुसऱ्या वर्गांत खेळण्यापेक्षां लीगच सोडली. संस्थापकांपैकीं लीग सोडून जाणारा हा पहिला संघ होय.

४. नांवांविषयीं एक सूचना

येथें संग्राहकांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य वाटतें, कारण अलीकडील याद्या व त्या काळचे कागद यांचा मेळ घालतांना नांवांमुळें घोटाळा होतो. न्यूटन हीथ म्हणजेच इ. स. १९०२ पासूनचा मँचेस्टर युनायटेड. स्मॉल हीथनें इ. स. १९०५ मध्यें बर्मिंगहॅम असें नांव घेतलें व पुढें तो बर्मिंगहॅम सिटी झाला. इ. स. १८९२ च्या दुसऱ्या वर्गांत दिसणारा आर्डविक हाच इ. स. १८९४ पासून मँचेस्टर सिटी. याच्या उलट, ॲक्रिंग्टन व ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हे दोन संघ एक नव्हेत. गांव एक, पण संघ भिन्न. नांव सारखें म्हणून दोन घराणीं एक मानण्याची जी चूक वंशावळींत होते तीच येथेंहि होते. एखाद्या जुन्या पत्रिकेवर नुसतें ॲक्रिंग्टन असें नांव असेल व ती लीगच्या इ. स. १८८८ ते १८९३ या हंगामांतील असेल, तर तिचा स्टॅन्लीशीं कांहीं संबंध नाहीं असें समजावें.

५. इ. स. १८९४ व १८९५

दुसऱ्या वर्षीं कसोटी व कोष्टक यांचा निकाल बहुतांशीं जुळला. लिव्हरपूल संघानें दुसऱ्या वर्गांत २८ सामन्यांपैकीं २२ जिंकले, ६ बरोबरींत सोडविले व एकहि गमावला नाहीं. ५० गुण मिळवूनहि त्यास कसोटी चुकली नाहीं. ता. २८ एप्रिल १८९४ रोजीं ब्लॅकबर्न येथील ईवुड पार्कवर त्यानें न्यूटन हीथला २–० असें हरविलें. स्मॉल हीथनें या खेपेस डार्वेनचा ३–१ असा पराभव करून गेल्या वर्षीं हुकलेलें स्थान मिळविलें. तिसऱ्या सामन्यांत नॉट्स काउंटीची गांठ प्रेस्टन नॉर्थ एंडशीं पडली. लीगच्या पहिल्याच हंगामांत २२ सामने अपराजित राहून विजेता ठरलेला व पुढच्या वर्षीं पुन्हां विजेता झालेला तो हाच संघ. पांच वर्षांत तो चौदाव्या स्थानावर येऊन कसोटीस उभा राहिला होता. शेफील्ड येथें ४–० असा विजय मिळवून त्यानें आपलें स्थान राखलें.

तिसऱ्या वर्षीं लिव्हरपूल पहिल्या वर्गांत तळाला गेला. त्याच ईवुड पार्कवर, बारा महिन्यांच्या आंत, बरी या संघानें त्यास १–० असें हरवून खालीं धाडलें. डर्बी काउंटीनें नॉट्स काउंटीवर २–१ व स्टोकनें न्यूटन हीथवर ३–० असा विजय मिळवून आपापलीं स्थानें राखलीं.

तीन वर्षांचा ताळा असा लागतो: एकंदर जोड्या नऊ, पैकीं पांचांत खालच्या वर्गांतील संघ विजयी, चारांत वरच्या. हा ताळा महत्त्वाचा आहे. दोन वर्गांच्या सीमेवर असलेल्या संघांच्या बळांत फारसें अंतर नव्हतें हें त्यावरून दिसतें. ज्या शंकेचें निरसन करण्यासाठीं दिव्य योजिलें होतें ती शंका यथार्थ होती. मात्र बळ जवळजवळ सारखें असलें म्हणजे एका सामन्याचा निकाल दैवावर अधिक अवलंबतो, हेंहि त्याच ताळ्यावरून निघतें.

६. इ. स. १८९६ चा फेरबदल

या दैवाचा भाग कमी करावा या दृष्टीनें पाहतां पुढचा बदल स्वाभाविकच होता. इ. स. १८९६ पासून वरच्या वर्गांतील तळाचे दोन व खालच्या वर्गांतील वरचे दोन असे चारच संघ घेऊन, प्रत्येकानें दुसऱ्या वर्गांतील दोघांशीं, एकदां स्वतःच्या व एकदां परक्या मैदानावर, खेळावयाचें असें ठरलें. प्रत्येकाचे चार सामने, एकंदर आठ. चौघांचें मिळून एक छोटें कोष्टक करावें व त्यांतील वरच्या दोघांनीं पहिल्या वर्गांत बसावें. तिऱ्हाईत मैदान गेलें, फेरसामना गेला. दिव्याची जागा एका लहानशा हिशेबानें घेतली.

पहिल्याच वर्षीं लिव्हरपूल व वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यांचे प्रत्येकीं ५ व स्मॉल हीथ आणि मँचेस्टर सिटी यांचे प्रत्येकीं ३ गुण झाले. स्मॉल हीथनें मँचेस्टर सिटीचा एका सामन्यांत ८–० असा धुव्वा उडविला. तरी तो खालीं गेलाच, कारण आठ गोलांच्या विजयासहि गुण दोनच. इ. स. १८९७ मध्यें नॉट्स काउंटी, जो आधींच्या तीन कसोट्यांत तीनदां हरला होता, तो अखेर वर चढला, संडरलंड टिकला, बर्नली उतरला व न्यूटन हीथ होता तेथेंच राहिला.

वरवर पाहतां ही पद्धति पहिलीपेक्षां न्याय्य होती. परंतु तिच्यांत एक छिद्र होतें. एकेरी सामन्यांत दोघांचें हित परस्परविरोधी असतें, व बरोबरीनें कोणाचेंच काम होत नाहीं. चौघांच्या कोष्टकांत मात्र अखेरचा सामना असा येऊं शकतो कीं, त्यांत दोघांचें हित एकच असतें आणि नुकसान होतें तें मैदानावर हजर नसलेल्या तिसऱ्याचें. हा दोष खेळाडूंच्या शीलाचा नव्हे, रचनेचा होय. तो प्रगट होण्यास केवळ गुणांची एक विशिष्ट मांडणी जुळून येण्याचा अवकाश होता.

७. स्टोक व बर्नली : ता. ३० एप्रिल १८९८

ती मांडणी तिसऱ्या वर्षीं जुळली. चार संघ होते: पहिल्या वर्गांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स व स्टोक, दुसऱ्यांतील बर्नली व न्यूकॅसल युनायटेड. स्टोक व बर्नली यांचा परस्परांतील अखेरचा सामना वगळला तर दोघांचेहि प्रत्येकीं ४ गुण होते. न्यूकॅसल व ब्लॅकबर्न यांचा अखेरचा सामना वगळला तर त्या दोघांचे प्रत्येकीं २. अर्थात् न्यूकॅसल किंवा ब्लॅकबर्न यांपैकीं जो जिंकेल तो फार तर ४ पर्यंत पोंचणार. आणि स्टोक व बर्नली बरोबरीनें सुटले तर दोघेहि ५ वर जाणार. बरोबरी केली कीं दोघांचीं स्थानें निर्धास्त. हरणाऱ्यास मात्र धोका. हें गणित स्टोकच्या मैदानावर उतरलेल्या बावीस जणांस येत नव्हतें असें समजणें भाबडेपणाचें होईल.

सामना ०–० असा संपला. गोलावर नेम धरून एकहि चेंडू मारला गेला नाहीं. प्रेक्षक इतके चिडले कीं आपल्याकडे आलेला चेंडू परत देईनात. एकामागून एक पांच चेंडू आणावे लागले, असें पुढील वर्णनकार सांगतात. बखरींत जसे रंग भरलेले असतात तसे यांतहि कांहीं असूं शकतील, व पांच चेंडूंचा आंकडा आम्ही प्रमाण म्हणून धरीत नाहीं. त्याची गरजहि नाहीं. निर्विवाद पुरावा कोष्टकाचा आहे: स्टोक ५, बर्नली ५, न्यूकॅसल ४, ब्लॅकबर्न २. मात्र या पुराव्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. त्यावरून हेतु सिद्ध होतो. करार सिद्ध होत नाहीं. दोन्ही बाजूंस बरोबरी हवी होती हें गुणांवरून ठरतें. दोघांनीं आधीं बसून तसें ठरविलें होतें, असें म्हणण्यास निराळा पुरावा पाहिजे. ज्या रचनेंत न बोलतांच दोघांचें एकमत होतें, तेथें करार करण्याचें कारणहि पडत नाहीं.

८. सभेचा निवाडा

न्यूकॅसल चार सामन्यांतून दोन जिंकूनहि बाहेर राहिला होता. त्यावर लीगच्या वार्षिक सभेनें जो तोडगा काढला तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पहिला वर्ग सोळांचा अठरांचा करण्यांत आला. स्टोक राहिला, बर्नली चढला. न्यूकॅसल चढला आणि ब्लॅकबर्नहि राहिला. ज्यांच्यावर संशय त्यांस शासन नाहीं. ज्यांचें नुकसान झालें त्यांची भरपाई झाली. आणि आठ सामने खेळूनहि त्या वर्षीं कोणीच उतरला नाहीं. त्याचबरोबर कसोटी-सामने कायमचे बंद करून, पुढील वर्षापासून वरच्या वर्गांतील तळाच्या दोघांनीं खालीं जावें व खालच्या वर्गांतील वरच्या दोघांनीं वर यावें, असा आपोआप लागू होणारा नियम केला.

या नियमानें इ. स. १८९९ मध्यें मँचेस्टर सिटी व ग्लॉसप नॉर्थ एंड प्रथम वर चढले. पैकीं मँचेस्टर सिटी तीन वर्षांपूर्वीं कसोटींत उतरला नव्हता; तो आतां निव्वळ वर्षाच्या हिशेबावर गेला. ग्लॉसप एक वर्ष राहून परत आला. म्हणजे कागदाचें प्रमाणहि निर्दोष ठरलें असें नव्हे; पण त्या प्रमाणाशीं तडजोड करण्यास तिसऱ्याची गरज लागते, व ती सहजासहजीं मिळत नाहीं.

सभेनें आपला मूळचा अधिकार मात्र पुरता सोडला नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर इ. स. १९१९ मध्यें पहिला वर्ग विसांचा बावीसांचा करण्याचा प्रसंग आला. इ. स. १८९८ चा दाखला पाहतां पहिल्या वर्गांतील तळाचे दोघेहि राहावयास पाहिजे होते. एकोणिसावा चेल्सी राहिला. परंतु विसाव्या टॉटनहॅमला ८ मतें पडलीं व दुसऱ्या वर्गांत पहिल्या चारांतहि नसलेल्या आर्सेनलला १८. मतानें आलेला हक्क कोष्टकापेक्षां किती वेगळी वाट घेतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. तळाच्या वर्गांतील संघांनीं सभेपुढें उभें राहून फेरनिवड मागण्याची रीत तर इ. स. १९८६ पर्यंत चालू होती.

९. पुनरुज्जीवन

इ. स. १९८७ मध्यें, एकोणनव्वद वर्षांनीं, चढउतारीचे सामने लीगमध्यें परत आले. पहिला वर्ग बावीसांचा विसांवर आणावयाचा होता, म्हणून वरच्या वर्गांतील एक व खालच्या वर्गांतील तीन संघ एकत्र घेतले. त्या वर्षीं पहिल्या वर्गांतील चार्ल्टन ॲथलेटिक व दुसऱ्यांतील लीड्स युनायटेड यांनीं आपापल्या मैदानावर एकेक सामना १–० असा जिंकला, व फेरसामना तिऱ्हाईत मैदानावर घ्यावा लागला. ता. २९ मे रोजीं वाढीव वेळांत चार्ल्टननें २–१ असा विजय मिळवून स्थान राखलें. तें तिऱ्हाईत मैदान म्हणजे बर्मिंगहॅम सिटीचें, अर्थात् इ. स. १८९३ च्या फेरसामन्यांत पहिलेपणा गमावलेल्या त्या स्मॉल हीथचेंच. पुढील वर्षीं मिडल्सबरोनें चेल्सीला खालीं पाडलें. इ. स. १९८९ पासून वरच्या वर्गांतील संघास यांतून वगळलें, व तेव्हांपासून हे सामने खालच्या वर्गांतील संघांतच होत आले आहेत.

हा भेद वाचकांनीं विसरूं नये. जुना कसोटी-सामना दोन वर्गांच्या मधल्या भिंतीवर होत असे. त्यांत एकाचें चढणें म्हणजे दुसऱ्याचें उतरणें. नवा सामना रिकाम्या जागेच्या उमेदवारांमधला आहे. त्यांचें दप्तर एकच असून ते वर्षभर एकमेकांशीं खेळलेले असतात. म्हणजे दिव्यास जें मूळ समर्थन होतें, कीं जोडणारा कागद नाहीं, तें येथें उरत नाहीं. कागद असतां दिव्य, अशी ही स्थिति आहे. आणि या दिव्याचा निकालहि सभेच्या हातून सुटला नाहीं. इ. स. १९९० मध्यें स्विंडन टाउननें लंडन येथें संडरलंडवर १–० असा विजय मिळविला असतां, पैशाच्या गैरव्यवहाराबद्दल त्यास वर जाऊं दिलें नाहीं. त्याच्या जागीं तिसऱ्या क्रमांकाच्या न्यूकॅसलला न घेतां हरलेल्या संडरलंडला, जो कोष्टकांत सहावा होता, त्यास वर पाठविलें.

१०. सारांश

येथवर आलेल्या वृत्तांतावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कसोटी-सामने हे दोन स्वतंत्र दप्तरांस जोडणारा पुरावा नसल्यामुळें निघाले व त्या परिस्थितींत त्यांस आधार होता. दुसरी, ते स्टोक व बर्नली यांच्या वर्तनानें मोडले असें म्हणण्यापेक्षां, इ. स. १८९६ च्या नियमानें दोन पक्षांचें हित एक होऊं दिलें म्हणून मोडले असें म्हणणें अधिक यथार्थ आहे. पहिल्या तीन वर्षांच्या एकेरी सामन्यांत तसें घडणें शक्यच नव्हतें. तिसरी, मत, कोष्टक व कसोटी या तीन प्रमाणांपैकीं कोणतेंहि एक दुसऱ्यांस कायमचें हुसकावून लावूं शकलें नाहीं. ज्या वर्षीं एक अडलें त्या वर्षीं दुसरें पुढें झालें.

या काळचे सामन्यांचे कागद, पत्रिका किंवा वृत्तपत्रांचीं कात्रणें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं नुसता विजयाचा आंकडा पाहूं नये. तो सामना एकेरी कसोटीचा कीं चौघांच्या कोष्टकांतला, मैदान कोणाचें, आणि त्या दिवशीं मैदानाबाहेर असलेल्या कोणाचें नशीब त्यांत गुंतलें होतें, हें पाहिल्यावांचून ०–० या आंकड्याचा अर्थ लागणार नाहीं.